आधी पाणी, मग पायरी

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. अकरा जणांची टीम, दिवाळीनंतरचा पहिला रविवार आणि मोहीमप्रमुख तू. निम्म्यांना किल्ल्याच्या दरवाजाजवळचं टाकं उपसायचंय, दोघांना खडकांवर बाण रंगवायचेत. तुझ्या वाट्याला आलीय गावापासून माचीपर्यंतची वाट, जिच्यावर गेल्या साली रचलेल्या पायऱ्या या पावसात वाहून गेल्या. आणि शेवटी विचारलंयस, "काका, दरवर्षी वाहूनच जाणार असेल तर करायचं कशाला?"

कशाला करायचं ते मी सांगत बसणार नाही. ते कळत नसतं तर तू पहाटेची एसटी पकडली नसतीस. मला एकच सांग. पायऱ्या रचायच्या आधी पाणी कुठून येतं ते कुणी बघितलं होतं का?

आपल्याकडे वाट मोडते ती पाण्यानं. माणसं त्याला फक्त दार उघडून देतात. एकजण वळण चुकवून सरळ खाली उतरतो, मागून दहा उतरतात, गवत जातं, मुरूम उघडा पडतो. जूनमध्ये पाण्याला तोच शॉर्टकट सापडतो. दोन पावसाळ्यांत गुडघाभर घळ. घळीतून चालवत नाही म्हणून लोक कडेनं चालतात, तीही कड ढासळते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तुमच्या डोंगरावर त्याच्या निम्मा धर. त्यापुढे तुमची चार घमेली माती म्हणजे काय?

लोहगडाच्या पायऱ्यांवरून पावसात पाणी धो धो कोसळतं आणि लोक त्यात उभे राहून फोटो काढतात, ते मलाही ठाऊक आहे. तो घडीव दगड आहे गं, मुरमात खोवलेले धोंडे नाहीत. त्याचा दाखला देऊ नकोस. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचाही देऊ नकोस. जगदीश्वराच्या पायरीवरचं नाव दाखवून आपल्या ग्रुपच्या बोर्डाचं समर्थन करणारे मी पुष्कळ पाहिलेत.

आता नीट ऐक. आधी चर. वाटेला तिरका, काटकोनात नाही. काटकोनात खणलास तर पाणी तिथं थबकतं, गाळ बसतो आणि दुसऱ्या मोठ्या सरीला चर भरून पाणी वरून उडी मारून पुढे जातं. चराच्या उताराकडच्या काठाला लांबट दगड एकाला एक भिडवून लाव. दोन भाग जमिनीत, एक भाग वर. त्यावर उभी राहून नाच. हलला तर काढ, पुन्हा बसव. चराचं तोंड हातभर रुंद हवं आणि ते उघडायचं कातळावर नाहीतर दाट गवतात. कुणाच्या खाचराच्या डोक्यावर नाही. झालं की दहा लिटरचा कॅन वरून ओत आणि पाण्यामागोमाग चालत जा. कॅन वाहून न्यायला पोरं कुरकुर करतील. करू देत. पाणी वाट सोडून बाहेर गेलं, तरच पुढचा चर. असे सगळे चर झाल्यावर पायरी. आधी पाणी, मग पायरी.

शॉर्टकट बुजवायचा तो वरच्या तोंडाला, कारण वळण चुकवण्याचा मोह उतरताना होतो. वाळक्या काट्या टाक, करवंदीची जिवंत जाळी तोडू नकोस. कारवीला तर हातच लावायचा नाही. सात-सात वर्षं थांबून फुलते बिचारी आणि तोवर तो उतार तिनंच धरून ठेवलेला असतो. पडलेल्या तटाचा दगड उचलायचा नाही. सिमेंट नाही. पुरातत्त्वची आणि वनखात्याची परवानगी लेखी, कागद सॅकमध्ये. हे तुम्हाला येतं, पुढे जातो.

1998 साली आम्ही छप्पन्न पायऱ्या रचल्या होत्या. किल्ल्याचं नाव लिहीत नाही. चार महिन्यांचे रविवार गेले. देखण्या होत्या, अजून डोळ्यांसमोर येतात. जानेवारीत वाडीतले एक आजोबा गुरं घेऊन जाताना थांबले आणि म्हणाले, "वरल्या अंगाला चर मारा, न्हाईतर ह्यो ओढा व्हईल." मी हसून "हो बाबा" म्हटलं. त्यांना तंबाखू दिली, चर मारला नाही. पायऱ्या आधी पुऱ्या करायच्या होत्या, उद्घाटनाची तारीख ठरली होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. जाऊन बघतो तर पायऱ्यांचे धोंडे त्यांच्याच भाताच्या रोपांत. ते काही बोलले नाहीत. धोंडे बांधावर नेऊन ठेवत होते, एकेक. आम्ही अहवालात 'अतिवृष्टीमुळे नुकसान' असं लिहिलं. खाली माझी सही आहे. त्या आठवड्यात काही अतिवृष्टी नव्हती. नेहमीसारखाच पाऊस होता.

त्यानंतर मी हट्टाला पेटलो, हे मान्य. चर झाल्याशिवाय कुणाला दगड उचलू द्यायचो नाही. पोरं मला गटारकाका म्हणायची, पाठीमागे आणि मग तोंडावरही. एका पावसाळ्यानंतर बैठकीत ठरलं की मी आता 'सल्लागार'. म्हणजे बोलावणं बंद. माझी भाषा कडक होती, दोन चांगली मुलं माझ्या ओरडण्यामुळे ग्रुप सोडून गेली, त्यांचं मला आजही वाईट वाटतं. पण चर मारलेल्या टप्प्यांवरून लोक अजून चालतात, हेही एकदा जाऊन बघावं ना त्या बैठकीतल्या लोकांनी! असो. हे तुला सांगायची गरज नव्हती.

बाण रंगवणाऱ्या दोघांशी भांडू नकोस. त्यांच्या हातात कॅन दे. जुलै 2025 मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा आपल्या राज्यातले. तुझा त्यांत नाही, ते एका परीनं बरंच. कुणी तारीख ठरवून तुझ्या मानेवर बसणार नाही. तेव्हा या हंगामात सगळी वाट धरू नकोस. पहिला खडा चढ धर, तेवढाच. शिमग्यानंतर मुरूम दगडासारखा होतो, कुदळ उसळून येते, म्हणून खणायचं ते आत्ता, जमिनीत ओल आहे तोवर. आणि जूनमध्ये, सगळे धबधब्यांवर जातील तेव्हा, तू एकटी नाही, दोघी-तिघी छत्री घेऊन त्या चढावर जाऊन उभ्या राहा. कुठला चर तुंबला, कुठं पाणी फुटलं, वहीत लिहा. पुढच्या दिवाळीचं काम त्या वहीत असेल.

तुमच्याकडे लांब पहार नाही, असं फोटोवरून दिसतंय. माझी माळ्यावर आहे. शनिवारी येऊन घेऊन जा, मात्र टोक बोथट झालंय. गावातला लोहार भाता पेटवतो त्या दिवशी पाजवून घे.