न्यू जर्सीत हिवाळ्यात सर्फिंग करायचंय, वेटसूट कोणता घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की गोव्यात सर्फिंग शिकलात, आता एडिसनला राहता, उन्हाळ्यात बेलमारच्या बीचवर ३/२ च्या सूटवर (म्हणजे धडाला ३ मिमी, हातापायांना २ मिमी जाडीचा) भागवलंत आणि आता डिसेंबर ते मार्चही सोडायचा नाहीये, तर ४०० डॉलरच्या आत सरळ ६ मिमीचा सूट घेऊन टाकावा का, की आहे त्याच्याच आत थर्मल घालून चालेल.

थर्मल विसरा आधी. बर्फात घालायचं थर्मल सूटच्या आत घातलं की ते भिजतं, सुरकुत्या पडतात, सूट अंगाला चिकटत नाही आणि त्या फटींतून थंड पाणी आरामात आत-बाहेर करत राहतं. आणि ६ मिमीबद्दल माझं स्पष्ट मत, तुम्हाला त्याची गरज नाही. नीट फिट होणारा, हूड जोडलेला ५/४ घ्या आणि उरलेले पैसे बूट-ग्लोव्ह्जवर घाला. इकडे येणारा प्रत्येक नवीन माणूस जाडीच्या मागे लागतो, पण थंडी रबरातून जेवढी येते त्याच्या कितीतरी पट जास्त मानेतून, मनगटातून, घोट्यातून आणि शिवणीतून येते.

हे पटायला सूट कसा काम करतो ते बघा. लोकांना वाटतं आत शिरलेलं पाणी अंगाच्या उष्णतेने गरम होतं आणि ते ऊब देतं. खरं काम निओप्रीनच्या (सूटच्या रबराच्या) आत अडकलेले वायूचे बारीक बारीक बुडबुडे करतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाच्या हेच लक्षात आलं होतं, की माणूस कोरडा राहायची गरजच नाही, कापडात वायू अडकलेला असला म्हणजे झालं. आतलं पाणी जागच्या जागी आहे तोवर ठीक, पण पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं, त्यामुळे प्रत्येक डक डाइव्हला (बोर्डसकट लाटेखाली बुडी मारताना) मानेतून नवीन पाणी पाठीवर ओतलं जात असेल तर ६ काय आणि ८ काय. याला इकडे सगळे फ्लश म्हणतात आणि फेब्रुवारीत तो एकदा अनुभवलात की हा सगळा परिच्छेद वाचायची गरज नव्हती असं वाटेल.

आता आपल्याकडचं पाणी. न्यूयॉर्क हार्बरच्या तोंडाशी ४४०६५ नंबरचा बॉय (तरंगता बोया) आहे, त्याने मोजलेलं पाण्याचं तापमान ऑनलाइन दिसतं, जायच्या आधी ते बघायची सवय लावा. हवेवर अजिबात जाऊ नका, कारण समुद्र तापायलाही वेळ घेतो आणि थंड व्हायलाही. म्हणून ऑक्टोबरात जॅकेट घालून बीचवर उभं राहिलं तरी पाणी मस्त असतं, ३/२ चालतो, नोव्हेंबरात ४/३ आणि बूट, डिसेंबर मध्यापासून ५/४ हूडसकट. सगळ्यात थंड पाणी फेब्रुवारी आणि मार्चच्या सुरुवातीला, ३७ ते ४२ फॅरनहाइट, म्हणजे ३ ते ६ सेल्सिअस धरा. आणि फसवणारा महिना एप्रिल, बाहेर लोक शॉर्ट्समध्ये फिरतायत आणि पाणी अजून हिवाळ्यातच आहे. गोव्यात २७-२८ डिग्रीच्या पाण्यात रॅश गार्डवर (पोहायच्या पातळ टी-शर्टवर) शिकलेल्या माणसाला हे डोक्यात बसायला एक सीझन जातो.

फिटिंगबद्दल मात्र जरा लांबण लावणार आहे. पहिला सूट ऑनलाइन घेऊ नका. शोअरवर, म्हणजे जर्सीच्या किनाऱ्यावर, वर्षभर उघडी असणारी सर्फ शॉप्स आहेत, तिथे जाऊन घाला, दोन-तीन ब्रँड घाला, कारण ओनीलचा मीडियम आणि एक्सेलचा मीडियम आणि रिप कर्लचा मीडियम हे तीन वेगवेगळ्या माणसांचे सूट आहेत. पहिल्यांदा कोरडा ५/४ चढवताना उशीला एक साइझ लहान अभ्रा घालतोय असं वाटेल, घाम फुटेल, दुकानदाराला त्याची सवय असते, लाजू नका. अंगठी-कडं काढून ठेवा, नखांनी ओढू नका, बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून थोडं थोडं वर सरकवा, नाहीतर रबरात चंद्रकोरीसारखी चीर पडते. पायावर पातळ प्लास्टिकची पिशवी घातली की पाय सटकन आत जातो. (न्यू जर्सीत २०२२ पासून दुकानात पिशव्या मिळणं बंद झालंय, पण मराठी घरात जुन्या पिशव्यांची एक पिशवी असतेच.)

चढला की तपासायचं काय, तर आधी काखेत आणि जांघेत सूट पूर्ण वर बसलाय का, तिथे लोंबत असेल तर नीट चढवला नाहीये किंवा साइझ मोठा आहे. मग कंबरेच्या वर, पाठीच्या खळगीत हात लावा, तिथे मूठभर रबर हातात आलं तर तो सूट परत द्या, किती का सेलमध्ये असेना. तिथेच पाणी साठतं. दोन्ही हात डोक्यावर नेऊन पॅडल करताना (बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मारताना) फिरवतो तसे फिरवा, खांदे खाली खेचले जात असतील तर धड लहान पडतंय. उकिडवे बसा. गळ्याशी घट्ट वाटणारच, दुकानात जरा गुदमरल्यासारखं होतं, पाण्यात सैल पडतं. गुडघ्यामागे घड्या पडल्या तर सोडून द्या. आणि आपल्या अंगकाठीचा एक मुद्दा, छाती मीडियम, उंची पाच फूट सहा इंच, पोट थोडं पुढे, अशा माणसाला साधा मीडियम पायात आणि हातात लांब होतो, तर एमएस म्हणजे मीडियम शॉर्ट मागा. दुकानात लटकवलेला नसतो बरेचदा, मागवून देतात.

शिवण बघताना लेबलवर दोन गोष्टी शोधा, ग्लूड अँड ब्लाइंडस्टिच्ड (चिकटवून, सुई आरपार न घालता शिवलेली) आणि त्यावर टेप किंवा लिक्विड सील. फ्लॅटलॉक शिवण दिसली, म्हणजे बाहेरून आडव्या दोऱ्यांची पट्टी दिसते ती, तर तो उन्हाळ्याचा सूट आहे, त्या शिवणीची सुई आरपार जाते आणि प्रत्येक भोकातून पाणी येतं. तुमचा ३/२ बहुतेक तसाच असणार. झिप छातीवरची घ्या. पाठीवरची झिप घालायला सोपी खरी, पण लांब असते, पाठीच्या मधोमध गळते आणि वाकायला कडक. छातीवर गुळगुळीत रबर असलेला पॅनल मिळाला तर चांगलंच, वाऱ्यात तो पटकन वाळतो. इकडे हिवाळ्यात चांगली लाट येते ती नॉरईस्टर (ईशान्येच्या वाऱ्याचं मोठं वादळ) निघून गेल्यावर, वारा वायव्येकडून म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहायला लागला की, आणि तो वारा कोरडा आणि बोचरा असतो, बोर्डवर बसून लाटेची वाट बघताना पाण्यापेक्षा तोच जास्त छळतो.

हूड सूटला जोडलेलाच घ्या, वेगळा नको, वेगळ्या हूडच्या आणि कॉलरच्या मधूनच सगळं शिरतं. लांब केस असतील तर (माझे आहेत) वेणी अगदी मानेशी, खाली घाला, वर बांधलेला अंबाडा हूडला उचलून धरतो आणि कपाळावरून पाण्याची धार थेट आत. थंड पाणी आणि वारा वर्षानुवर्षं कानात जात राहिलं तर कानाच्या नळीत हाड वाढतं, सर्फर्स इअर म्हणतात, हूडने बराच बचाव होतो, इअरप्लग घातले तर अजून बरं.

हात आणि पाय. सेशन संपतं ते नेहमी यांच्यामुळेच, अंग गरम असतं आणि बोटं गेलेली असतात. बूट ७ मिमी, गोल टोकाचे घ्या; अंगठा वेगळा असलेले स्प्लिट टो बोर्डवर जरा बरे वाटतात पण थंडीत सगळी बोटं एकत्रच हवीत. आपल्याकडे तळ वाळूचा आहे, त्यामुळे बूट फक्त उबेसाठी, सोल पातळ असला तरी चालतो. घट्ट बूट घेऊ नका मात्र, रक्तच पोचलं नाही तर १० मिमीचा बूटही थंड. ग्लोव्ह्जमध्ये पाच बोटांचे सोडून द्या, डिसेंबरला ५ मिमीचे तीन बोटांचे लॉब्स्टर आणि फेब्रुवारीत ७ मिमीचे मिटन. मिटन घालून पॅडल करताना पहिल्यांदा खांदे भरून येतात कारण तळवा पाण्याला जास्त अडतो, होते सवय.

घालायचा क्रम पण महत्त्वाचा आहे. सूट कंबरेपर्यंत, मग बूट, मग सूटचा पाय बुटाच्या वरून, आत खोचायचा नाही, नाहीतर बूट भरतात. मग वरचं अंग, झिप, हूड, मग लीश (बोर्डला जोडलेली दोरी) घोट्याला बांधून टाका, गाडी लॉक करा, किल्लीचं काय ते बघा, आणि ग्लोव्ह्ज सगळ्यात शेवटी, बाहीच्या आत सरकवून, दुसरा दातांनी. आधी ग्लोव्ह्ज घालून मग लीशचं वेल्क्रो शोधणारी माणसं पार्किंगमध्ये दर रविवारी दिसतात.

बोर्डवरचं मेण बदला हं. गोव्याहून आणलेलं ट्रॉपिकल मेण इथे दगड होतं, पाय घसरतो, जुनं खरवडून कोल्ड लिहिलेलं लावा, दोन-तीन डॉलरचं काम आहे. आणि उन्हाळ्यापेक्षा तीन-चार लिटर मोठा बोर्ड न्या (बोर्डचं आकारमान लिटरमध्ये मोजतात), ओला सूट, बूट, मिटन सगळं धरून तुम्ही जड आणि संथ झालेले असता.

बजेट. ४०० मध्ये बरा हूडवाला ५/४ येतो, बूट-ग्लोव्ह्ज धरून नाही, त्यांना अजून सव्वाशे-दीडशे ठेवा. पैसे कमी पडत असतील तर मागच्या वर्षीचं मॉडेल बघा, रंग सोडून फारसं काही बदललेलं नसतं, किंवा मार्च-एप्रिलच्या सेलपर्यंत थांबा. सेकंडहँड घ्यायचा तर हाताने ताणून बघा, जुनं निओप्रीन पातळ आणि कडक झालेलं लगेच कळतं, मग उलटा करून काखेत आणि गुडघ्यात शिवणीची टेप सुटलीय का ते. सेकंडहँड बूट मात्र नको, कारण सांगायला नको.

पैशाआधी एक गोष्ट फुकटची, पण ऐका. हिवाळ्यात लाइफगार्ड नसतात. (बीचवर जायला उन्हाळ्यात लागणाऱ्या बॅजचे पैसेही नसतात, तेवढंच सुख.) एकटे जाऊ नका. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्ट यांचा १-१०-१ नियम आहे, बर्फगार पाण्यात सूटशिवाय पडलेल्या माणसासाठी, श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात १० मिनिटं, शुद्ध हरपायला १ तास. सूटमध्ये वेळ खूप वाढतो पण क्रम तोच राहतो, आधी श्वासावरचा ताबा जातो, मग हातांवरचा. म्हणून आत गेल्या गेल्या लगेच पॅडल मारत सुटू नका, छातीएवढ्या पाण्यात चेहरा दोन-चारदा बुडवा, श्वास शांत होऊ द्या. आणि मध्येमध्ये अंगठा करंगळीला टेकवून बघा, टेकत नसेल तर बाहेर, शेवटची एक लाट वगैरे नाही. पहिली दोन-तीन सेशन्स कंबरेएवढ्या लाटेत करा, दगडी जेटीपासून (समुद्रात गेलेल्या दगडी बांधापासून) लांब, तिच्या कडेने पाणी बाहेर ओढत नेतं आणि गार पडलेल्या हातांनी त्याच्याशी भांडता येत नाही. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो हेही लक्षात ठेवा.

बाहेर आल्यावर बीचचे शॉवर बंद असतात हिवाळ्यात, पाइप गोठतात म्हणून. घरून कॅनमध्ये गरम पाणी भरून न्या, ब्लँकेटमध्ये गुंडाळलं की टिकतं, कढत नको, बोटं बधिर असताना भाजलेलं कळत नाही. ग्लोव्ह्ज-बुटात ओतलं की ते सटकन निघतात. एक मोठा प्लास्टिकचा टब ठेवा, त्यात उभं राहून कपडे बदला, सूट त्यातच पडू द्या. बाहेर आल्यावरही थोडा वेळ अंग अजून थंड पडत जातं, तेव्हा कुडकुडत असताना गार्डन स्टेट पार्कवे हायवेला लागू नका, आल्याचा चहा घ्या, पंधरा-वीस मिनिटं बसा.

घरी सूट साध्या पाण्याने धुवा, वॉशिंग मशीन आणि ड्रायर दोन्ही बंद. तारेच्या हँगरला खांद्याने टांगलात तर ओल्या वजनाने खांदे ताणून लांब होतात, कंबरेत दुमडून जाड दांडीवर घाला. अपार्टमेंटमधल्या शॉवरच्या स्प्रिंगवाल्या रॉडवर नको, तो सूटसकट खाली येतो. आधी उलटा करून आतली बाजू वाळवा, दुसऱ्या दिवशी परत जायचं असेल तर बाहेरून ओला चालतो, आतून ओला नाही. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि रात्री एकदा बदला.