‘शेकानं दुसरा कॅन्सर होतो ना?’

दादरच्या फूलबाजारात वेण्या विकणाऱ्या एक मावशी मुलीबरोबर आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) स्तनातली गाठ काढून झाली होती. डॉक्टरांनी पंधरा शेक सांगितले होते, म्हणजे रेडिएशन. मावशी तारीखच घेईनात.

"माझ्या जावेला शेक दिले होते. अकरा वर्षांनी फुफ्फुसात कॅन्सर निघाला. एक काढायला दुसरा घालून घेऊ?"

सुरुवातीच्या काळात मी अशा वेळी "छे, तसं काही होत नाही" म्हणून मोकळी व्हायचे. ते खोटं होतं, आणि माणसाला ते कळतं. म्हणून म्हटलं, "होऊ शकतो. क्वचित, आणि बहुधा पाच-दहा वर्षांनंतर. जाऊबाईंना तंबाखूची सवय होती का?"

मावशींनी मुलीकडे पाहिलं. "विडी ओढायची. लपून."

त्यांना कशामुळे झाला, हे आज कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. पण विडी-सिगारेटनं फरक पडतो, आणि तो फार मोठा. जगभरच्या चाचण्या एकत्र करून 2017 साली अंदाज काढला गेला : आजच्या पद्धतीच्या शेकामुळे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा जादा धोका धूम्रपान न करणाऱ्या बाईला हजारात 3, वर्षानुवर्षं ओढत राहणाऱ्या बाईला हजारात 40.

"आता शेक न घेतल्याचा हिशोब. शंभर वेण्या समजा." 2011 च्या अशाच एकत्रित अभ्यासात स्तन वाचवून गाठ काढलेल्या बायकांत, शेक न घेतलेल्या शंभरजणींपैकी 35 जणींचा आजार दहा वर्षांत उलटला, शेक घेतलेल्या शंभरजणींपैकी 19 जणींचा.

मावशी पुटपुटल्या, "सोळा वेण्या."

वय फार कमी असेल किंवा घरात लहान वयातच अनेकांना कॅन्सर झाला असेल, तर हा हिशोब बदलतो. काही जनुकीय दोषांत डॉक्टर शेक टाळायलाच बघतात. मावशींच्या बाबतीत तसं काही नव्हतं. पुढं कधीही शेकाच्या जागी मार न लागता जांभळा, काळानिळा डाग दिसला, तर तेल चोळत न बसता दाखवायचं, एवढं मात्र मुलीला लिहून दिलं. हा त्वचेखालच्या रक्तवाहिन्यांचा दुर्मीळ कॅन्सर असू शकतो.

मावशी उठल्या. "दुपारची वेळ मिळेल का? सकाळी मार्केट असतं."