नवीन एटीएम कार्ड पोस्टाने आलंय, पण पिन आलेला नाही. आता काय काळजी घ्यायची?

तुमच्या प्रश्नात चार गोष्टी आहेत. आईंच्या बचत खात्याचं नवीन कार्ड स्पीड पोस्टाने आलं. पाकिटाचा एक कोपरा फाटलेला होता. आत पिनचा कागद नव्हता. आणि शेवटी, जाता जाता लिहावं तसं, तुम्ही लिहिलंय की खात्याला मोबाइल नंबर अजून वडिलांचाच आहे आणि ते दीड वर्षापूर्वी गेले. पिनचा कागद नाही म्हणून तुम्ही घाबरलात. मी घाबरलो तो त्या नंबरमुळे.

मी तालुक्याच्या गावी एका बँकेत अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी काउंटरवर. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी पिनच्या कागदाचं सांगतो. पूर्वी कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात, काही दिवसांच्या अंतराने यायचा. दोन्ही एकाच वेळी एकाच माणसाच्या हाती लागू नयेत म्हणून ही तजवीज. पिनचा कागदही खास असायचा. चारी बाजूंनी चिकटवलेला, आत कार्बन. प्रिंटरला शाईची रिबीन नसायचीच. टाचणीच्या ठोक्यांनी आतल्या आत आकडे उमटायचे. म्हणजे छापणाऱ्यालाही आकडा दिसत नसे. आता बहुतेक बँकांनी तो कागद बंद केलाय. पिन आपणच एटीएमवर किंवा बँकेच्या अ‍ॅपवर ओटीपी घेऊन तयार करायचा. त्याला ग्रीन पिन म्हणतात. तेव्हा तुमच्या पाकिटातून कुणी पिन चोरलेला नाही, तो जन्मालाच आलेला नाही. शाखेत खातं उघडताना हातात देतात त्या किटमध्ये मात्र काही ठिकाणी कार्ड आणि पिन एकत्रच असतात. तसं असेल तर तो पिन त्याच दिवशी बदलावा.

आता फाटलेला कोपरा. पोस्टाच्या थैलीत पाकिटं फाटतात, प्रत्येक वेळी त्यात चोरच असतो असं नाही. आत बघा: कार्ड पत्राला डिंकाने जसंच्या तसं चिकटलेलं आहे, की एकदा काढून पुन्हा बसवल्यासारखं वाटतंय? तसं वाटलं तर पिन तयार करूच नका. बँकेला कळवून ते कार्ड बंद करा आणि दुसरं मागा. जे काही शे रुपये जातील ते जाऊ द्यात, वाद घालत बसू नका. कार्ड जागचं हललेलं नसेल तर मी ते निर्धास्त वापरेन. त्याला कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२०च्या आदेशानुसार नवीन कार्ड फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनमध्ये घालून वापरण्यापुरतंच चालू असतं. ऑनलाइन खरेदी, परदेशातले व्यवहार आणि नुसतं टेकवून पैसे देणं, ही तिन्ही दारं बंद असतात. ती खातेदाराने उघडायची. त्यामुळे कुणी कार्डावरचा नंबर आणि मागचे तीन आकडे टिपून घेतले असतील तरी या घडीला त्याचा त्याला उपयोग नाही. आईंना परदेशी व्यवहार लागणार नसेल तर ते दार कायमचं बंदच राहू द्या. परदेशातल्या कित्येक वेबसाइट ओटीपी विचारतच नाहीत.

टेकवून पैसे देण्याची सोय मी माझ्या कार्डावर बंदच ठेवलीय. १ जानेवारी २०२१पासून त्यात पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही. दुकानदाराला घाई असते, मला नसते.

आता मूळ दुखणं, वडिलांचा नंबर. रिचार्ज न झालेला नंबर कंपनी बंद करते आणि नव्वद दिवसांनंतर तो दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. दीड वर्ष होऊन गेलंय. त्या नंबरचं सिम आज कुणा अनोळखी माणसाच्या फोनमध्ये असू शकतं, आणि तसं असेल तर आईंच्या खात्याचा प्रत्येक ओटीपी, प्रत्येक मेसेज त्याच्याकडे जातोय. तो बिचारा सज्जनही असेल. पण पिन तयार करण्याची चावी त्याच्या खिशात आहे, एवढं खरं. म्हणून नवीन पिनच्या भानगडीत पडण्याआधी आईंना घेऊन शाखेत जा आणि त्यांचा स्वतःचा नंबर लावून घ्या. तुमचा नको, त्यांचा. हे काम फोनवरून करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर तो बँकेचा नव्हे.

पिन तयार करायला दिवसाउजेडी, शाखेला लागून असलेल्या एटीएमवर जा. आकडा कोणता घ्यायचा? चार आकड्यांचे दहा हजार पिन होतात, पण माणसं त्यातले मूठभरच वापरतात. २०१२मध्ये डेटा जेनेटिक्स नावाच्या कंपनीने इंटरनेटवर फुटलेल्या सुमारे चौतीस लाख चार-आकडी पासवर्डांची छाननी केली होती. त्यात जवळजवळ अकरा टक्के लोकांचा आकडा १२३४ होता. २५८० हाही पुष्कळांचा लाडका, कारण कीपॅडवर तो वरून खाली सरळ रेषेत येतो. माझ्या काउंटरवर लोक पिन न विचारता सांगायचे, म्हणून मला आपल्याकडची आवडही ठाऊक आहे: थोरल्या मुलाचं जन्मसाल आणि मोटारसायकलचा नंबर. एका गुरुजींनी तर पिन कार्डाच्या प्लास्टिकच्या कव्हरवर सुंदर अक्षरात लिहिला होता, वर ‘खासगी’ असंही. आईंना सोपं पडेल असं काही हवं असेल तर कुणा जुन्या शेजाऱ्यांच्या लँडलाइनचे शेवटचे चार आकडे घ्या. त्या वयाच्या माणसांना असे नंबर तोंडपाठ असतात आणि ते कुठल्याही कागदावर सापडत नाहीत. आणि हो, पिन उलटा दाबला की पोलीस येतात हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज साफ खोटा आहे. तसलं काही नसतं.

आमच्या भागात कार्डाचे सगळ्यात जास्त गुन्हे मी बघितले ते अदलाबदलीचे. त्याला ना संगणक लागतो ना हॅकिंग. मावशी मशीनपुढे गोंधळलेल्या असतात, मागचा तरुण म्हणतो, “द्या मावशी, मी काढून देतो.” पैसे अगदी बरोबर काढून देतो आणि परत देताना त्याच बँकेचं, त्याच रंगाचं दुसरंच कार्ड हातात ठेवतो. पिन त्याने बघितलेलाच असतो. मावशींना कळतं ते महिनाभराने, पासबुक भरताना. भीड भिकेची बहीण म्हणतात ती ही. एवढा चांगला पोरगा, त्याला नाही कसं म्हणायचं! म्हणून नवीन कार्ड आलं की मी पहिल्यांदा त्याच्या कोपऱ्यावर नेलपॉलिशचा ठळक ठिपका द्यायला सांगतो. चिप आणि काळी पट्टी सोडून. आपलं कार्ड लांबूनही ओळखू येतं. शिवाय आईंना एक वाक्य पाठ करून द्या: “नको रे बाबा, मुलगा गाडी लावतोय, येईल आत्ता.” नाही म्हणायचा संकोच वाटणाऱ्यांना असं तयार वाक्य फार उपयोगी पडतं.

फोनचं माझ्यावरच बेतलेलं सांगतो. निवृत्त झाल्यावर माझं कार्ड नूतनीकरणाला गेलं होतं, मी रोज पोस्टमनची वाट बघत होतो. दुपारी फोन आला: “सर, तुमचं नवीन कार्ड डिस्पॅच झालंय, अ‍ॅक्टिव्हेशनसाठी फक्त जुन्या कार्डाचा नंबर कन्फर्म करा.” मी चष्मा लावून पाकिटातून कार्ड काढलंसुद्धा. आयुष्यभर लोकांना जे करू नका म्हणून सांगितलं तेच. आतून बायकोने विचारलं, कुणाचा फोन? म्हटलं, बँकेचा. ती म्हणाली, “मग बँकेला आपल्या कार्डाचा नंबर माहीत नाही होय?” फोन ठेवला. त्या माणसाला माझं कार्ड येणार हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. रोज शेकडो लोकांना तोच फोन लावला की त्यातले काहीजण खरोखरच कार्डाची वाट बघत असतात, आणि त्यांना तो खरा वाटतो. मी त्या दिवशी त्यांतला एक होतो. आईंचं कार्ड आलंय, म्हणजे त्याही सध्या त्यांतल्याच. त्यांना हे आजच सांगून ठेवा.

तुम्ही हेही विचारलंय की पिन तुम्हाला माहीत असला तर चालेल का. घरोघरी तसंच चालतं, मला सोवळेपणाचा आव आणायचा नाही. पण २०१८मध्ये गाजलेलं बंगळुरूचं एक प्रकरण लक्षात ठेवा. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईंनी नवऱ्याला कार्ड आणि पिन देऊन एटीएमवर पाठवलं. पंचवीस हजारांची पावती आली, नोटा आल्या नाहीत. प्रकरण ग्राहक मंचात गेलं आणि त्या हरल्या, कारण पिन नवऱ्याला सांगणं हाच नियमभंग ठरला. तुम्हालाच पैसे काढायचे असतील तर खात्यात तुमचं नाव संयुक्त म्हणून लावून तुमचं वेगळं कार्ड घ्या. तोवर निदान कार्डाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नका.

जुनं कार्ड चिपमधून आणि मागच्या काळ्या पट्टीतून आडवं कापा, तुकडे एकाच कचऱ्यात टाकू नका. रोज किती रक्कम काढता यावी याची मर्यादाही कमी करून घेता येते; आईंना महिन्याला पाच-सात हजार लागत असतील तर मर्यादा चाळीस हजार कशाला?

तरीही न केलेल्या व्यवहाराचा मेसेज आलाच तर दिवस मोजायला लागा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार आपली चूक नसताना झालेला व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला तर नुकसान आपल्या माथी येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत काही हिस्सा येतो. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरात तसाच नियम लागू झाला. पिन आपणच कुणाला सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं. कार्ड बंद करायला बँकेचा टोल-फ्री नंबर, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३०, हा सायबर फसवणूक कळवायचा सरकारी नंबर. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, पण कार्डच हरवलं तर तो कुठून आणणार? पासबुकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

शाखेत जाताना आईंचं आधार कार्ड, पासबुक, वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि ते फाटकं पाकीटही बरोबर घ्या. सोमवारी आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, आईंना बसायला खुर्चीही मिळणार नाही.