मनूला, त्या कपाबद्दल

प्रिय मनू,

गुरुवारी चर्चमधून परतताना तू गाडीत विचारलंस, "मम्मी, पाळकांनी येशूसारखे बारा जणांचे पाय धुतले, आपण सगळ्यांनी उभं राहून देवाचे सेवक असल्याचं गायलं. मग वास्कोला आजीकडे कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा का असतो?" पप्पांनी रेडिओ लावला आणि मी पेट्रोलबद्दल काहीतरी बोलले. बोलायला बसले की मी एक तर आजीची वकिली करते नाही तर रडते, म्हणून लिहितेय. सवडीने वाच. नाही वाचलंस तरी रागावणार नाही. (थोडी रागावेन.)

तुझं वास्को म्हणजे लिफ्ट असलेला आजीचा फ्लॅट. माझं वास्को म्हणजे बंदराजवळच्या दोन खोल्या, खनिजाच्या धुळीने तांबडी झालेली खिडकी आणि संध्याकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा. तुझे आजोबा, आमचे अण्णा, नगरहून नोकरीसाठी तिथे आले. आपण मराठी ख्रिस्ती, म्हणजे गोव्यात कुठल्याच रकान्यात न बसणारी माणसं. खालच्या आंटीला वाटायचं, पेटी-तबल्यावर गातात ते कसले ख्रिस्ती? समोरच्या काकूंना वाटायचं, अभंग म्हणतात आणि कपाळाला कुंकू नाही, हे काय प्रकरण? दोघीही नाताळला आमच्या करंज्या मात्र आवडीने न्यायच्या.

गाण्याची कमतरता कधीच नव्हती. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लादीन नावाची सामूहिक प्रार्थना व्हायची, व्हायोलिनवर, लॅटिनमध्ये. शब्द कळायचे नाहीत, पण नंतर उकडलेले चणे मिळायचे म्हणून मी आणि बाळूमामा पहिल्या रांगेत. श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदराचा सप्ताह. शंभराहून जास्त वर्षं चाललेला, चोवीस तास खंड न पडता भजन. रात्री जाग आली की टाळ ऐकू यायचे आणि अण्णा अंथरुणातच मांडीवर ठेका धरायचे. आजी म्हणायची, "अहो, झोपा, आपलं नाही ते." अण्णा म्हणायचे, "ताल कुणाच्या बापाचा असतो?"

आणि रविवारी आमची उपासना, भाड्याच्या हॉलमध्ये. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण येताना अभंग आणि कीर्तन मागे टाकून आले नाहीत. म्हणून आपल्या 'उपासना संगीत' या गाण्यांच्या पुस्तकात अजूनही अभंग आहेत, आणि म्हणून तुझ्या इथल्या मैत्रिणींना आपलं चर्च 'वेगळंच' वाटतं. अण्णांना याचा फार अभिमान. पाहुणा आला की त्याला गोव्यातल्याच राशोलला न्यायचे आणि तिथल्या सेमिनरीच्या, म्हणजे पाद्र्यांच्या शाळेच्या, पायऱ्यांवर सुनवायचे: थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ ला गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ ला इथेच त्याचं क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा, छापलं गेलं, सगळं ओव्यांत. "आपण उपरे नाही," हे त्या भाषणाचं शेवटचं वाक्य. पाहुणा तोवर उन्हाने हैराण झालेला असायचा.

आता ते सेवकपण. मलाही ते तुझ्याच वयात खुपायला लागलं, पण दुसऱ्या बाजूने. टिळकांनी स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवलं तर मला कळतं. कोकणातले ब्राह्मण, विद्वान, त्यांच्याकडे उतरवून ठेवायला काहीतरी होतं. पण आपले पणजोबा? नगरकडच्या गावात हाळी आली की धावायचं, पाणी वरून ओंजळीत घ्यायचं, चहा मिळालाच तर बाहेर ठेवलेल्या फुटक्या कानाच्या कपात. ते सेवक होतेच की. त्यांनी पुन्हा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाऊन तेच कशाला गायचं? मी अण्णांना हे विचारलं तेव्हा ते पेटीचा भाता सोडून बघत राहिले. मग म्हणाले, "पाटलाचे चाकर होतो. देवाचे झालो. एका माणसाला दोन मालक नसतात. पाटील सुटला." मला ते उत्तर अजून आवडतं. पण ज्या घरात ते दिलं गेलं त्याच घरात, सिंकखालच्या फळीवर, मावशींचा कप होता. हे तू आता विचारलंस म्हणून दिसतंय असं नाही. दिसत होतंच.

मावशी सावंतवाडीकडच्या, हे तुला माहीत आहे. पण त्या गायच्या हे तुला माहीत नसेल, आता दमा आहे. डिसेंबरमध्ये शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे नाताळच्या गाण्यांची तालीम असायची. एकदा अण्णांनी येशूच्या आईचं, मरियेचं गाणं बसवायला घेतलं. बायबलमधल्या लूकच्या पहिल्या अध्यायातलं. मुलगी देवदूताला सांगते, मी प्रभूची दासी, आणि थोड्याच वेळात तीच मुलगी गाते की त्याने सत्ताधाऱ्यांना आसनांवरून खाली ओढलं, दीनांना वर चढवलं, भुकेल्यांना पोटभर दिलं आणि श्रीमंतांना रिकाम्या हाताने लावून दिलं. अण्णांनी त्याला अभंगाची चाल लावली होती आणि तिसऱ्या ओळीला आम्ही सगळे घसरत होतो. भांडी घासता घासता मावशी आतून ओरडल्या, "अण्णानू, हय ताल चुकता तुमचो!"

अण्णांनी त्यांना बाहेर बोलावलं. हात पुसत आल्या, सतरंजीवर बसल्या, आमच्या मध्ये, आजीच्या गुडघ्याला गुडघा लागून. आधी ओळी ऐकल्या. ते सिंहासनावरून खाली ओढायचं ऐकून त्यांना भारी मजा आली. "ही तर आमची जनाबाईच गो!" म्हणाल्या. मग जनाबाईचं सांगितलं: नामदेवांच्या घरची मोलकरीण, दळण करत अभंग रचायची, विठोबा येऊन जात्याचा खुंटा धरायचा. बाळूमामाने विचारलं, "मग पीठ कुणाचं?" मावशी म्हणाल्या, "मालकांचा." आणि हसल्या. मग त्यांनी ती तिसरी ओळ म्हणून दाखवली. त्या वर्षी नाताळला आम्ही त्यांच्याच ठेक्यात गायलो.

तालीम संपली आणि चहा आला. सगळ्यांना कपबशा. मावशींना त्यांचा कप. त्या स्वतःच उठून फळीवरून घेऊन आल्या आणि मागच्या दारात बसून प्यायल्या. कुणी त्यांना 'तिकडे बसा' म्हटलं नव्हतं. मी अण्णांकडे बघितलं, ते चष्मा पुसत होते.

आता आजीची बाजूही ऐक. मावशींचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्रभर उशाशी आजी बसली होती, त्यांची सून नाही. त्यांच्या मुलीच्या पुस्तकांचे पैसे आजीने बांगडी गहाण ठेवून दिले, अण्णांनाही सांगितलं नव्हतं. तेव्हा बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरात असाच एक कप होता, आणि आपल्यासारख्यांवर आधीच सगळ्यांचे डोळे. नगरची माणसं, ख्रिस्ती झालेली, म्हणजे कोण, हे लोक मनात मोजतच असतात. कदाचित तो कप शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी होता, की बघा, आता आम्हीही देणारे. हे मी आजीला कधी विचारलेलं नाही. हा बचाव आहे की आरोप, मलाही ठरवता येत नाही.

पाय धुण्याबद्दल एक सांगते. आंटीच्या मुलीबरोबर लहानपणी मी इगर्जीत, म्हणजे त्यांच्या कॅथलिक चर्चमध्ये, ते बघायला जायचे. बारा पुरुष, घरून पाय घासून आलेले, एकाने तर पावडर लावली होती. बायकांना त्यात बसवायची परवानगी रोमहून २०१६ साली आली. तुझ्या आजीसारख्या बायका आयुष्यभर सगळ्यांचे पाय धूत आल्या, पण तिथे त्या मागच्या बाकावर. आणि शास्त्रात बघ, पाय धुण्याची गोष्ट योहान सांगतो. जेवण झाल्यावर सगळे गाणं म्हणून जैतुनाच्या डोंगराकडे गेले, हे मार्क आणि मत्तय सांगतात. रात्र तीच. पण धुणं आणि गाणं दोन्ही एकाच पुस्तकात नाही. पाळक म्हणतील मी भलतेच अर्थ काढते, तर म्हणोत.

तू ती गाणी गा असं मी म्हणणार नाही. 'सेवक' म्हणताना घशात अडत असेल तर ती ओळ सोड, मीही काही वर्षं सोडायचे आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. मात्र महिन्याच्या उपासनेला झांजा वाजवायला ये. सध्या ज्यांच्या हातात झांजा आहेत ते काका दर कडव्याला पुढे पळतात आणि मला पेटीवर एकटीला सगळ्यांना धरून ठेवावं लागतं.

आजीला मात्र तूच विचार. माझ्यामार्फत नको, मी प्रश्न मऊ करून टाकेन. आणि फोनवर नको, फोनवर ती 'ऐकू येत नाही' म्हणते. जूनमध्ये जाऊ तेव्हा दुपारी, ती फणसाचे गरे काढायला बसली की जवळ बस. हाताला तेल लावायला विसरू नकोस, चीक निघत नाही.

तुझी,
मम्मी