तीन पाकिटं परत आली

प्रश्न : वकीलताई, मी सहा वर्षांच्या मुलाला घेऊन बार्शीला माहेरी राहते. नवरा चाकणला कंपनीत आहे. दोन वर्षांत मुलासाठी एक रुपया दिलेला नाही. मामांच्या सांगण्यावरून आठ महिन्यांत तीनदा वकिलाची नोटीस पाठवली. तिन्ही पाकिटं ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आली. नोटीस लागू झाल्याशिवाय केस उभी राहत नाही, असं सगळे म्हणतात. काय करू?

उत्तर : ताई, चौथं पाकीट पाठवू नका. पोटगीच्या अर्जाआधी वकिलाची नोटीस द्यायलाच हवी, असं कायदा म्हणत नाही. मामांचा हेतू चांगला, पण आठ महिने गेले! रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. नोटिशीच्या तारखेपासून नाही.

अर्ज बार्शीतच करा, चाकणला खेटे घालायची गरज नाही. पोटगीचं, फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. घटस्फोट झालेला नसला तरी चालतो. मुलाचं नाव अर्जदार म्हणून वेगळं घाला. तुमच्या-नवऱ्याच्या भांडणात त्याचा हक्क अडकत नाही.

खरी नोटीस ती कोर्टाची, म्हणजे समन्स. तिच्यासाठी पत्ता नेमका हवा : खोली नंबर, घरमालकाचं नाव, कंपनीचं गेट, मोबाइल. ‘चाकण, जि. पुणे’ एवढ्यावर समन्स बजावायला गेलेला पोलीस हात हलवत परत येतो, हे मी सव्वीस वर्षं बघतेय. नवरा सापडला नाही तर घरातल्या सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं; आता बाईकडेही, पूर्वी पुरुषच लागायचा. तेही जमलं नाही तर दारावर चिकटवतात. मुद्दाम टाळतोय अशी कोर्टाची खात्री पटली, की एकतर्फी सुनावणी. मात्र सबळ कारण दाखवून तो तीन महिन्यांत आदेश रद्द करायला येऊ शकतो, म्हणून बजावणीचा प्रत्येक कागद जपा. अंतरिम, म्हणजे केस चालू असेपर्यंतच्या पोटगीचा अर्जही सोबतच द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्याचा निकाल लागावा असं कायद्यात आहे. शक्यतो, हं.

वकिलाची फी जड जात असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बायकांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो.

आणि ती तीन पाकिटं फोडू नका. शेऱ्यासकट, तशीच बंद, वकिलाच्या हातात द्या.