मॅक्स वेबर, भौतिकशास्त्रातला वेबर आणि तेलंगांनी ज्याला उत्तर दिलं तो वेबर : हे सगळे एकाच घराण्यातले का?

नाही. तुम्ही विचारलेले तिघे तीन वेगळ्या घरांतले. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर, ज्यांच्या नावाने आपण चुंबकीय फ्लक्स (एखाद्या पृष्ठभागातून जाणारं चुंबकीय क्षेत्र) मोजतो ते विल्हेल्म वेबर आणि न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी ज्यांचा प्रतिवाद केला ते संस्कृतचे अभ्यासक आल्ब्रेख्त वेबर. पण तुमच्या प्रश्नात 'इतके सगळे वेबर मोठे कसे झाले, काही खास घराणं आहे का' असंही आहे. त्यासाठी जरा सविस्तर लिहिते, कारण हे आडनाव मला फार जवळचं आहे. मी इचलकरंजीची. वडिलांचे यंत्रमाग होते, लहानपणी शाळेतून आल्यावर कांड्या भरायला बसायचो. पुढे जर्मन शिकले, आता पुण्यात शिकवते. 'वेबर म्हणजे विणकर' हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा शब्दकोश मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

जर्मनमध्ये 'वेबन' म्हणजे मागावर विणणं आणि ते करणारा तो 'वेबर'. मराठीत आपण सुयांवर स्वेटरही विणतो आणि मागावर कापडही विणतो. जर्मनमध्ये सुयांचं क्रियापद वेगळं आहे, 'श्ट्रिकन'. त्यामुळे वेबर म्हटलं की ताणा, बाणा आणि धोटा यांचाच माणूस. आपल्याकडे कोष्टी, साळी ही आडनावं आहेत, तसंच. उच्चार करताना 'वे' लांबवायचा आणि शेवटचा 'र' जवळजवळ गिळायचा.

जर्मनीत सगळ्यात जास्त आढळणारी आडनावं बघा: म्युलर म्हणजे दळणारा, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे कोळी. वेबर यांच्या लगेच मागे, पहिल्या पाच-सहांतच येतं. बाराव्या शतकापासून जर्मन शहरांत आडनावं रूढ होत गेली आणि पुढच्या तीन-चारशे वर्षांत ती खेड्यांपर्यंत पोचली. गावात चार हान्स असले की 'मागावरचा हान्स' आणि 'भात्यावरचा हान्स' असा फरक करावाच लागायचा. जवसाच्या धाग्याचं, म्हणजे लिननचं कापड विणणं हा तर हिवाळ्यात घरोघरी चालणारा उद्योग होता. म्हणून हे आडनाव एकाच वेळी शेकडो गावांत, एकमेकांशी काही नातं नसलेल्या माणसांना चिकटलं. एका मूळपुरुषापासून फुटलेलं ते घराणं नाही. माणसंच इतकी, म्हणून त्यांतली नावाजलेलीही बरीच.

उलटही खरं आहे. सगळे विणकर वेबर झाले नाहीत. १३६७ मध्ये हान्स फुगर नावाचा विणकर आउग्सबुर्ग शहरात आला आणि त्याच्या वंशजांनी पुढे सम्राटांना कर्जं दिली, पण आडनाव फुगरच राहिलं. आणि काही वेबर लपूनही बसले आहेत. विद्वान मंडळींना आपलं नाव लॅटिनमध्ये लिहायची हौस होती, आणि लॅटिनमध्ये विणकर म्हणजे 'टेक्स्टर'. महाकवी गटे यांच्या आईचं माहेर टेक्स्टर, आणि त्या घराण्याचं मूळ आडनाव वेबर! आजोबा योहान वोल्फगांग टेक्स्टर यांच्यावरूनच नातवाचं नाव योहान वोल्फगांग ठेवलं होतं.

आता तुमचे तिघे.

फ्लक्सवाले विल्हेल्म वेबर (१८०४–१८९१) हे विटेनबर्गच्या एका धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाचे चिरंजीव. तुम्ही घराणं शोधताय, तर ते इथे खरोखर सापडतं, कारण तिघे भाऊ शास्त्रज्ञ होते. थोरले एर्न्स्ट हाइनरिख शरीररचनेचे प्राध्यापक. हातावर वजनं ठेवून त्यांनी दाखवलं की माणसाला वाढ कळते ती मुळात किती वजन होतं त्याच्या प्रमाणात. एक किलोच्या पिशवीत मूठभर शेंगदाणे टाकले तर हाताला कळतं, वीस किलोच्या पोत्यात टाकले तर कळत नाही. मानसशास्त्रात 'वेबरचा नियम' म्हणून शिकवतात तो हाच, म्हणजे हा आणखी एक वेबर झाला. धाकटे एडुआर्ड. त्यांनी विल्हेल्मबरोबर माणसाच्या चालण्याचा अभ्यास केला, आणि व्हेगस नावाची नस उत्तेजित केली की हृदयाचे ठोके मंदावतात हे थोरल्या भावाबरोबर शोधून काढलं.

विल्हेल्म गटिंगनला गणितज्ञ गाउसच्या जोडीने काम करत. १८३३ मध्ये दोघांनी शहराच्या छपरांवरून सुमारे एक किलोमीटर तार ओढून वेधशाळा आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यात तारयंत्र चालवलं. चारच वर्षांनी हानोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली, तेव्हा निषेध करणाऱ्या सात प्राध्यापकांत विल्हेल्म होते, परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधूही होते. सातही जणांची नोकरी गेली. शाळेत 'एक टेस्ला म्हणजे दर चौरस मीटरला एक वेबर' हे पाठ करताना हे कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आल्ब्रेख्त वेबर (१८२५–१९०१) हे ब्रेस्लाऊचे. ब्रेस्लाऊ तेव्हा प्रशियाच्या सायलेशिया प्रांतात होतं, आज ते पोलंडमधलं व्रोत्सवाफ. सायलेशिया म्हणजे हातमागांचा प्रांत. आल्ब्रेख्त एकोणीस वर्षांचे होते तेव्हा, जून १८४४ मध्ये, तिथल्या विणकरांनी पडलेल्या मजुरीविरुद्ध उठाव केला. लष्कराने गोळीबार केला आणि अकरा माणसं मेली. आल्ब्रेख्त मात्र पोथ्यांत रमलेले. शुक्ल यजुर्वेद, शतपथ ब्राह्मण आणि कात्यायनाचं श्रौतसूत्र त्यांनी संपादून छापलं, बर्लिनमधल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची केली. हे काम प्रचंड आहे आणि त्याबद्दल त्यांचं ऋण मानायलाच हवं.

पण ग्रंथांचा काळ ठरवताना त्यांचा कल सगळं अलीकडे ओढण्याचा. १८७० मध्ये रामायणावर लिहिताना त्यांनी सुचवलं की सीताहरण आणि लंकेची स्वारी यांवर ग्रीक महाकवी होमरच्या हेलनच्या कथेची छाया असावी. १८७३ मध्ये तेलंगांनी मुंबईत त्याला इंग्रजीत सविस्तर उत्तर दिलं. तेव्हा ते अवघे तेवीस वर्षांचे होते! त्याच सुमारास रामकृष्ण गोपाळ भांडारकर 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात याच वेबरांशी पतंजलीच्या काळावरून वाद घालत होते. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या त्याच्या ग्रंथात, वर्तमानकाळाचं उदाहरण आहे, 'इह पुष्यमित्रं याजयामः', म्हणजे इथे आम्ही पुष्यमित्रासाठी यज्ञ करत आहोत. त्यावरून भांडारकरांनी दाखवलं की पतंजली पुष्यमित्र शुंगाच्या काळातला, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. वेबर त्याला बरंच पुढे आणू बघत होते. रामायणातल्या एका श्लोकाचा चरण महाभाष्यातही येतो, त्यामुळे पतंजली मागे गेला की रामायणही मागे जातं. हे दोन्ही वाद असे एकमेकांत गुंतलेले आहेत. मला यात सगळ्यात आवडते ती तेलंग आणि भांडारकर या दोघांची रीत. आवाज चढवला नाही, पुरावा पुढे ठेवला. आणि त्यांना उत्तर द्यावंसं वाटावं इतका समोरचा माणूसही तोलामोलाचा होता.

आता मॅक्स वेबर (१८६४–१९२०). यांच्यापाशी मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण आडनावाचा अर्थ आणि माणसाचं काम यांची गाठ इथेच पडते. मॅक्स यांचा जन्म एर्फुर्टचा, वाढले बर्लिनला, वडील राजकारणात. पण वडिलांकडचं घराणं बीलेफेल्डचं, लिननच्या व्यापारातलं. काका कार्ल डेव्हिड वेबर यांनी जवळच्या अर्लिंगहाउझन गावात जम बसवला. आजूबाजूच्या खेड्यांतले विणकर हेरायचे, त्यांना सूत द्यायचं, कापड नीट तपासून घ्यायचं आणि गिऱ्हाइकाकडे स्वतः जाऊन विकायचं. सूत देऊन मजुरीवर विणून घेण्याची ही पद्धत आमच्या गावात कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. १९०४–०५ मध्ये मॅक्स यांनी प्रोटेस्टंट धर्मनिष्ठा आणि भांडवलशाही यांच्यावर जो गाजलेला निबंध लिहिला, त्यात असाच एक तरुण येतो. सुशेगाद चाललेल्या कापडाच्या धंद्यात तो शिरतो आणि शिस्तीने सगळं बदलून टाकतो. तो काकांवर बेतलेला आहे असं अभ्यासक मानतात. मॅक्स यांच्या पत्नी मारियान्न या स्वतः विचारवंत आणि स्त्रियांच्या चळवळीतल्या कार्यकर्त्या, आणि याच कार्ल डेव्हिड यांची नात.

त्याहून विलक्षण गोष्ट १९०८ च्या उन्हाळ्यातली. मॅक्स अर्लिंगहाउझनला गेले आणि घरच्याच कापड कारखान्यातल्या हिशेबाच्या वह्या घेऊन बसले. कोणत्या विणकराने कोणत्या दिवशी किती विणलं, आठवड्याच्या कोणत्या वारी काम वाढतं, कोणत्या वारी घटतं, हे त्यांनी आकड्यांतून शोधलं. धार्मिक वृत्तीच्या काही विणकर मुली इतरांपेक्षा जास्त काम करतात असं त्यांना दिसलं. या अभ्यासाच्या शीर्षकातच 'सायकोफिजिक' (बाहेरची उत्तेजना आणि मनाला होणारी जाणीव यांचं नातं मोजणारं शास्त्र) हा शब्द आहे, आणि ते शास्त्र फेख्नर यांनी उभं केलं ते एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांच्या वजनांच्या प्रयोगांवर. म्हणजे एका वेबरच्या नियमावर उभ्या राहिलेल्या शास्त्राचा आधार घेऊन दुसरा वेबर विणकरांचा अभ्यास करतोय! दोघांत नातं काही नाही, तरीही मला हे फार सुंदर वाटतं. वडील दर शनिवारी पगाराच्या वहीत मीटर मांडायचे, तेव्हा सोमवारचा आकडा बघून कामगाराच्या घरी काय चाललंय ते ओळखायचे. म्हणून तो अभ्यास वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही.

मॅक्स यांचे धाकटे भाऊ आल्फ्रेड (१८६८–१९५८). स्पर्धापरीक्षेच्या भूगोलात कारखाना कुठे उभा राहतो याचा 'वेबरचा सिद्धांत' येतो तो १९०९ चा, आल्फ्रेड यांचा. बरेच विद्यार्थी तो मॅक्सच्या नावावर लिहितात. सिद्धांताचं मर्म आमच्या भागात उघड्या डोळ्यांनी दिसतं. टनभर उसातून साखर निघते साधारण शंभर किलो, मग उरलेलं वजन लांब वाहून कोण नेणार? म्हणून साखर कारखाना उसाच्या फडाजवळच. कापसाचं सूत आणि सुताचं कापड होताना वजन फारसं घटत नाही, म्हणून कापूस पिकत नसलेल्या इचलकरंजीतही माग चालू शकतात. १९३३ मध्ये हायडेलबर्गच्या त्यांच्या संस्थेवर नाझींचा झेंडा चढवला गेला, तेव्हा आल्फ्रेड यांनी तो उतरवायला लावला आणि लवकरच प्राध्यापकी सोडली.

संगीतातले वेबर तुम्ही विचारले नाहीत, पण सांगायला हवेत, कारण तेही एकच खरं कुटुंब आहे. मानहाइमला फ्रिडोलिन वेबर नावाचे गायक आणि नोटेशनच्या नकला करणारे गृहस्थ होते, त्यांना चार मुली. मोत्सार्टचा जीव आधी अलोइझियावर जडला, तिने नकार दिला, आणि १७८२ मध्ये त्याचं लग्न झालं तिच्या धाकट्या बहिणीशी, कॉन्स्टान्झंशी. तो गेल्यावर त्याची हस्तलिखितं तिने सांभाळली, म्हणून आज आपल्याला ती मिळतात. १८२१ मध्ये बर्लिनला आपल्या ऑपेराने धमाल उडवणारा कार्ल मारिया फोन वेबर हा तिचाच चुलतभाऊ. हा ३९ व्या वर्षी लंडनला वारला, आणि अठरा वर्षांनी त्याच्या अस्थी ड्रेस्डेनला आणण्यात संगीतकार रिखार्ड वाग्नरने पुढाकार घेतला.

शेवटचे वेबर मात्र आडनावावरून मूळ शोधणाऱ्याला पार चकवतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ वेबर (१९१९–२०००) यांचे आईवडील ज्यू स्थलांतरित. अमेरिकेला यायचं तर हातात होता तो पासपोर्ट वेबर या नावाचा, म्हणून वडिलांनी तेच आडनाव घेतलं. ना विणकर पूर्वज, ना जर्मन गाव! या जोसेफ यांनी अ‍ॅल्युमिनियमचे मोठे दंडगोल टांगून गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळात उठणारे तरंग) पकडायचा पहिला खटाटोप केला. १९६९ मध्ये त्यांनी लहरी सापडल्याचं जाहीर केलं, पण इतरांना त्या दिसल्या नाहीत आणि हा माणूस अखेरपर्यंत एकटा पडला. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी लहर खरोखर टिपली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती घोषणा झाली तेव्हा पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी, खगोलशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ट्रिंबल बसल्या होत्या.

त्याच लायगोची भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होते आहे. पुण्याची आयुका संस्था त्यात भागीदार आहे, आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रकल्पाला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथल्या कुणाच्या भाषणात 'वेबर बार' (म्हणजे तेच अ‍ॅल्युमिनियमचे दंडगोल) असा शब्द ऐकलात, तर तो ना फ्लक्सवाल्यांचा, ना तेलंगांच्या प्रतिस्पर्ध्याचा. तो या पासपोर्टवाल्या वेबरांचा.