वाचकांचे प्रश्न : विषाणू आधी की पेशी आधी?

प्रश्न : विषाणू पेशीत शिरल्याखेरीज वाढू शकत नाहीत, असे आपण शाळेपासून शिकतो. मग पेशी अस्तित्वात येण्यापूर्वीच विषाणू होते असे काही शास्त्रज्ञ म्हणतात, ते कशाच्या आधारावर? आणि सर्व विषाणूंचा पूर्वज एकच मानायचा का? (एक वाचक, कराड)

उत्तर : दुसरा भाग आधी घेतो, कारण त्यावर आज फारसा वाद उरलेला नाही. सर्व विषाणूंचा मूळ पूर्वज एक नाही. जीवाणू, आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या वंशाचे एकपेशीय जीव), वनस्पती आणि प्राणी या सर्वांच्या पेशींत प्रथिने घडवणारे रायबोसोम असतात, त्यांची जनुके एकमेकांशी जुळतात आणि त्यामुळे या सर्वांची वंशावळ एका मुळापर्यंत मागे नेता येते. विषाणूंच्या बाबतीत हे जमत नाही, कारण सर्व विषाणूंत सापडणारे एकही जनुक नाही. काहींचा आनुवंशिक मजकूर डीएनएमध्ये असतो, काहींचा आरएनएमध्ये. कोणाचा एकपदरी, कोणाचा दुपदरी. म्हणूनच अलीकडच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात विषाणूंचे सर्वांत वरच्या पातळीवरचे गट परस्परांपासून स्वतंत्र मानले जातात.

आता पहिला भाग. विषाणूंच्या उगमाविषयी तीन जुनी मते आहेत. पहिल्यानुसार ते पेशीपूर्व जगाचे अवशेष आहेत. दुसऱ्यानुसार परजीवी झालेल्या पेशींनी एकेक अवयव आणि जनुक गमावत विषाणूचे रूप घेतले. आणि तिसऱ्यानुसार पेशींतील काही जनुके निसटून स्वतंत्रपणे फिरू लागली. पहिल्या मतावरचा आपला आक्षेप आजच्या विषाणूंपुरता बिनतोड आहे, कारण रायबोसोमशिवाय त्यांपैकी एकालाही स्वतःची प्रथिने करता येत नाहीत. मात्र या मताचे समर्थक आजच्या विषाणूंविषयी बोलत नसून, स्वतःच्या प्रती काढू शकणाऱ्या आरएनए रेणूंच्या जगाविषयी आणि त्या जगातील फुकट्यांविषयी बोलत असतात. असे फुकटे किती सहज निर्माण होतात, हे सोल स्पीगेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये परीक्षानळीत दाखवले. जीवाणूंवर वाढणाऱ्या एका विषाणूचा आरएनए, त्याच्या प्रती काढणारे विकर (एन्झाइम) आणि लागणारा कच्चा माल त्यांनी नळीत एकत्र ठेवला आणि थोडे मिश्रण पुढच्या नळीत, त्यातले थोडे त्याच्या पुढच्या नळीत, असे ते नेत राहिले. चौऱ्याहत्तराव्या नळीपर्यंत त्या आरएनएने आपला ८३ टक्के मजकूर टाकून दिला होता. उरलेला तुकडा कोणत्याही जीवाणूला बाधा करू शकत नव्हता, पण त्याच्या प्रती मूळ रेणूपेक्षा कितीतरी वेगाने निघत होत्या. विकर बाहेरून आयते मिळत होते, त्यामुळे या प्रयोगावरून पेशीपूर्व काळाविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही. तरी जेथे प्रती निघतात तेथे दुसऱ्याच्या यंत्रणेवर जगणारे रेणू लगेच उपजतात, एवढे त्यातून निश्चित कळते.

दुसऱ्या मताला एकविसाव्या शतकाच्या आरंभी अचानक उजाळा मिळाला. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे १९९२ मध्ये न्यूमोनियाच्या साथीचा शोध घेताना एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातील अमीबामध्ये जीवाणूसारखे काही आढळले होते. तो विषाणू असल्याचे मार्सेच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये जाहीर केले आणि त्याला मिमिव्हायरस हे नाव दिले. सुमारे १२ लाख अक्षर-जोड्यांचा मजकूर, नऊशेहून अधिक जनुके आणि त्यांत प्रथिननिर्मितीला लागणारी काही साधनेसुद्धा, हे सारे पाहून जीवाणू, आर्किया आणि केंद्रक असलेल्या पेशींचे सजीव या तीन महागटांच्या जोडीला तो जीवसृष्टीचा चौथा महागट असावा, असे दावे होऊ लागले. मला तो उत्साह त्याही वेळी घाईचा वाटला होता. पुढे २०१७ मध्ये ऑस्ट्रियातील एका सांडपाणी प्रकल्पाच्या नमुन्यांतून क्लोस्न्यूव्हायरस या महाकाय विषाणूंची जनुके वाचली गेली, तेव्हा प्रथिननिर्मितीची ती साधने निरनिराळ्या यजमान पेशींतून वेगवेगळ्या वेळी उचललेली दिसली. म्हणजे निदान या घराण्यात मोठ्या पेशी झिजून विषाणू झाल्याऐवजी लहान विषाणूच जनुके जमवत फुगत गेले.

माझ्या मते खरी अडचण प्रश्नाच्या मांडणीतच आहे. विषाणूमध्ये दोन कामे असतात, मजकुराच्या प्रती काढणे आणि तो कवचात बंद करून पुढच्या पेशीपर्यंत पोहोचवणे; आणि या दोन कामांच्या प्रथिनांचा इतिहास एकच असला पाहिजे, असे बंधन मुळीच नाही. आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे उदाहरण भेंडीवरील केवडा रोगाचे आहे, ज्यात पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूचा मजकूर एकपदरी डीएनएच्या छोट्या वर्तुळावर असतो. तो ज्या गटात मोडतो, त्या गटाचे प्रती काढणारे प्रथिन जीवाणूंमधील प्लाझ्मिड नावाच्या फिरत्या वर्तुळांतील प्रथिनाशी नाते सांगते. त्याचे सर्वांत जवळचे नातलग ज्या फायटोप्लाझ्मांच्या प्लाझ्मिडांत सापडतात, ते वनस्पतींच्या रसवाहिन्यांत राहणारे जीवाणू आहेत (वांग्यावरील पर्णगुच्छ रोग अशांमुळेच होतो). कवचाचे प्रथिन मात्र वनस्पतींवरील आरएनए विषाणूंच्या कवचाशी जुळते. म्हणजे एका वनस्पतिपेशीत केव्हातरी प्लाझ्मिड आणि आरएनए विषाणू एकत्र आले आणि एकाचे यंत्र व दुसऱ्याचे कवच घेऊन तिसराच विषाणू बाहेर पडला.

यूजीन कूनिन आणि मार्ट क्रुपोविच यांनी २०१७ मध्ये अशा कवचांची छाननी करून, त्यांपैकी बऱ्याच कवचांची प्रथिने मुळात पेशींचीच होती आणि ती अनेकदा, स्वतंत्रपणे उचलली गेली, असे दाखवले. याउलट आरएनएवरून आरएनएची प्रत काढणाऱ्या विषाणूंच्या विकराला पेशींच्या नेहमीच्या कारभारात जवळचा जोडीदार सापडत नाही, त्यामुळे त्याचे मूळ पेशीपूर्व काळात असणे शक्य मानले जाते. तेव्हा कराडच्या वाचकांना उत्तर असे की प्रती काढणारी यंत्रणा बहुधा पेशींहून जुनी आहे आणि तिच्यावरचे कवच बहुतेक वेळा पेशींकडून आलेले आहे. मात्र कवचे नवी आहेत असा याचा अर्थ घेऊ नये. माणसाला बाधणारा अॅडेनोव्हायरस, जीवाणूंवरचा पीआरडी-१ आणि अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांतील आर्कियांवरचा एक विषाणू या तिघांच्या कवच-प्रथिनांची घडी सारखीच आहे. सजीवांच्या या शाखा वेगळ्या होण्यापूर्वीच ती घडी तयार होती, हा याचा सर्वांत साधा अर्थ होतो.

प्रश्न : माणसाच्या जनुकांत विषाणूंचे अवशेष असतात हे खरे आहे का, आणि त्यांचा काही उपयोग होतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : खरे आहे. आपल्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन रेट्रोव्हायरसांचा, म्हणजे आपल्या आरएनएवरून डीएनए बनवून तो यजमानाच्या डीएनएत मिसळणाऱ्या विषाणूंचा आहे. ज्या विषाणूंनी आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरकाव केला, त्यांचा मजकूर पिढ्यान्‌पिढ्या पुढे उतरत आला. त्यातील बहुतेक भाग आज निकामी आहे. पण २००० मध्ये लक्षात आले की, गर्भारपणात वारेच्या पेशी एकमेकींत विलीन होऊन आई आणि गर्भ यांच्यातील थर तयार करतात, तेव्हा उपयोगी पडणारे सिन्सिटिन हे प्रथिन एका रेट्रोव्हायरसच्या आवरणाचे आहे. यजमान पेशीच्या पटलाशी जोडून घेण्याची विषाणूची क्षमता तेथे वापरली गेली आहे. उंदरांमध्येही अशी दोन जनुके आहेत आणि त्यांपैकी एक काढून टाकले तर गर्भ जगत नाही, मात्र ती आपल्यापेक्षा वेगळ्या विषाणूंकडून आलेली आहेत. रवंथ करणाऱ्या आणि मांसभक्षक प्राण्यांनीही आपापली सिन्सिटिने निराळ्या विषाणूंपासून मिळवली. २०१७ मध्ये तर वारेद्वारे पिलांचे पोषण करणाऱ्या माबुया या दक्षिण अमेरिकी सापसुरळीतही असेच, तिच्यापुरते स्वतंत्र सिन्सिटिन सापडले.